बोलावणं कुठवर नेईल?

सुरतेतल्या पांडेसऱ्याचा आणि विमानाचा संबंध एरवी कुणी जोडणार नाही. डाइंग-प्रिंटिंगच्या मिल्स, लूम्सची खाती, उधन्याहून तापी लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्या, सणासाठी ठेकेदाराकडून घेतलेली उचल, एवढ्यात या वसाहतीचं वर्णन आटोपतं असं बाहेरच्याला वाटतं. पण ज्या खानदेशातून इथली मराठी कुटुंबं सुरतेला आली, त्याच खानदेशात शिरपूर आणि धुळ्याला आज वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. घर गहाण ठेवून, पन्नास-साठ लाखांचं कर्ज काढून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्याचं स्वप्न अशा वस्तीतही पोचलं आहे. परवाना हाती आला आणि विमान कंपनीची नोकरी अजून लागली नसली, की सैन्याच्या राखीव दलाचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, विचार डोक्यात येतो. वर्दी मिळेल, नोकरीही करता येईल, देशाच्या उपयोगी पडता येईल. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो असा, की गेलाच तर किती दिवस आणि कुठे पाठवतील? या प्रश्नावरच्या दोन बाजू नीट समोर याव्यात म्हणून मी दोन माणसं कल्पिली आहेत. एक मामा, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मास्तर. दुसरा त्यांचा भाचा, खिशात ताजा परवाना असलेला. माणसं कल्पित आहेत, कायदे, तारखा आणि आकडे खरे आहेत.

भाच्याचं म्हणणं ऐकू या. तो म्हणतो, “मामा, तुम्ही उगाच धास्ती घेता. टेरिटोरियल आर्मी म्हणजे कायमची फौज नव्हे. वर्षाला दोन महिन्यांचं ट्रेनिंग, पहिल्या वर्षी आणखी एक महिन्याचं बेसिक, कमिशन मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत तीन महिन्यांचा कोर्स. बाकी वर्षभर मी माझ्या नोकरीवर. वय अठरा ते बेचाळीस चालतं, पदवी लागते आणि पोटापाण्याचा धंदा असावा लागतो. धोनीने २०१९मध्ये काश्मीरमध्ये दोन आठवडे ड्यूटी केली आणि परत आला. तशीच माझीही होईल. लढाई रोज होत नाही.”

यातला प्रशिक्षणाचा हिशेब बरोबर आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. महेंद्रसिंग धोनी २०११पासून पॅराशूट रेजिमेंटच्या टेरिटोरियल आर्मी बटालियनमध्ये मानद लेफ्टनंट कर्नल आहेत. सचिन तेंडुलकर २०१०पासून हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन आहेत. मानद हुद्दा हा सन्मान असतो, त्यावरून नेमणुकीचा अंदाज बांधता येत नाही. परीक्षा देऊन कमिशन घेणाऱ्याला १९४८चा टेरिटोरियल आर्मी कायदा लागू होतो, आणि त्याचं सातवं कलम वाचलं की दोन महिन्यांचा आकडा मागे पडतो. नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी बोलावणं येऊ शकतं. नियमित सैन्याला जोड म्हणून युनिट एम्बॉडी होऊ शकतं, म्हणजे पूर्णवेळ सेवेत घेतलं जाऊ शकतं. एखाद्याला थेट नियमित तुकडीशी जोडताही येतं. देशाबाहेर पाठवायचं तर केंद्र सरकारचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो, पण आदेश निघाला की नकार देण्याची सोय नाही. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. राखीव दलात शिरणाऱ्याने मागच्या दहा वर्षांत सरासरी किती दिवस बोलावलं याचा हिशेब मांडून सही करू नये. कायद्याने आपल्याला जास्तीत जास्त कुठवर नेता येईल ते वाचावं, आणि तेवढं ओझं आपलं घर पेलेल का ते बघावं. वैमानिकाच्या बाबतीत हे दुपटीने खरं आहे, आणि का ते पुढे येईल.

मामांची बाजू अनुभवाची आहे. “मिलमध्येही आठ तास म्हणून भरती करतात,” ते म्हणतात, “आणि ऑर्डर आली की बारा तास उभं राहावं लागतं. तू कागदावरचे दोन महिने धरून बसलास. उद्या तीन वर्षं म्हणाले तर हप्ते कोण भरणार? तुझी बहीण लग्नाची आहे, बापाची पाळी रात्रीची आहे. सरकारला नाही म्हणता येतं का रे?” भाचा यावर हसेल. तीन वर्षं हा आकडा त्याला मामांच्या भीतीतून आलेला वाटेल.

पण तो आकडा सरकारी आदेशातच आहे. ६ मे २०२५ रोजी केंद्राने टेरिटोरियल आर्मी नियमावलीतल्या ३३व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना अधिकार दिले, की या दलातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला पहाऱ्यासाठी बोलावता येईल किंवा नियमित सैन्याच्या मदतीसाठी एम्बॉडी करता येईल. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ बटालियन निरनिराळ्या कमांडच्या क्षेत्रांत, अंदमान-निकोबारसकट, नेमायच्या असं त्यात लिहिलं होतं. मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. म्हणजे सलग तीन वर्षं. त्याच आदेशात असंही होतं की अंदाजपत्रकात पैसा असेल किंवा अंतर्गत बचतीतून उभा करता येईल तरच एम्बॉडिमेंट होईल. ही दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या दलात पेन्शन मिळते ती प्रत्यक्ष एम्बॉडी होऊन केलेल्या सेवेवर. अधिकाऱ्याला त्यासाठी वीस वर्षांची अशी सेवा भरावी लागते, जवानाला पंधरा वर्षांची. तेव्हा अनिश्चितता दोन्ही बाजूंनी आहे. ज्याला घरी राहायचं आहे त्याला बोलावणं येऊ शकतं, आणि ज्याला वर्दीतच राहायचं आहे त्याला निधीअभावी घरी पाठवलं जाऊ शकतं. दलाच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं की ही पूर्णवेळ कारकीर्द नाही आणि पेन्शनची हमी नाही. मामांनी विचारलेला प्रश्न भित्र्याचा नव्हता, तो नेमका होता.

आता वैमानिकाकडे वळू. आपल्याकडे राखीव वैमानिक कुठवर गेले याचा सर्वांत बोलका दाखला दुसऱ्या महायुद्धाचा आहे. १९३९मध्ये इंडियन एअर फोर्स व्हॉलंटिअर रिझर्व्ह उभी राहिली आणि तिच्यातून किनाऱ्यावर टेहळणी करणाऱ्या सहा तुकड्या निघाल्या. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम. मुंबईची तुकडी जुहूला होती, जिथे १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची उड्डाणं होत. फ्लाइंग क्लबात शिकलेले, नागरी विमानं चालवणारे लोक या तुकड्यांत आले. काम ठरलेलं होतं. वापिटीसारखी जुनी दुपंखी विमानं घेऊन समुद्रावर फिरायचं, जहाजांच्या तांड्यांवर नजर ठेवायची, संध्याकाळी आपल्याच शहरात उतरायचं. नाव किनारा संरक्षण, काम किनाऱ्याचं, वस्ती घराजवळ. १९४१च्या अखेरीस जपान ब्रह्मदेशावर चालून आला तेव्हा चौथ्या क्रमांकाची तुकडी त्याच वापिटी आणि ऑडॅक्स विमानांसह मौलमीनला होती, आघाडीवर. मनमोहन सिंग हे त्या काळातलं मोठं नाव. १९३०मध्ये इंग्लंडहून भारतापर्यंत एकट्याने विमान आणणारा हा माणूस याच रिझर्व्हमध्ये दाखल झाला, आणि ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांच्या हल्ल्यात मरण पावला. १९४०च्या शरदात परवानाधारक चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडला पोचले. त्यांतले महिंदरसिंग पुजी तेलकंपनीतली नोकरी सोडून गेले, ब्रिटनच्या आकाशात हरिकेन घेऊन लढले, पुढे ब्रह्मदेशात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसचे मानकरी ठरले. हे चोवीस जण स्वतःहून समुद्रापार गेले होते, त्यामुळे त्यांना कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही. पण किनाऱ्यावरच्या तुकड्यांचं तसं नाही. त्यांची नेमणूक एका कामासाठी झाली आणि लढाईने त्यांना दुसऱ्या कामावर नेलं. ब्रिटनमध्येही हेच झालं. शनिवार-रविवारी उडणारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑक्झिलरी एअर फोर्सच्या चौदा स्क्वाड्रन १९४०मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढत होत्या.

भाच्याचा आक्षेप इथे येणारच. “मामा, ते महायुद्ध होतं. राज्य इंग्रजांचं होतं. आजच्या लोकशाहीत तो दाखला कसा लावता?” आक्षेप वाजवी आहे, पण स्वतंत्र भारताचा कायदा बघितला तर तो टिकत नाही. रिझर्व्ह अँड ऑक्झिलरी एअर फोर्सेस अॅक्ट १९५२चा, म्हणजे आपल्याच संसदेचा आहे. त्यात नियमित हवाई दलाची राखीव फळी आहे, ऑक्झिलरी एअर फोर्स आहे, आणि एअर डिफेन्स रिझर्व्हही आहे, ज्यात विमान चालवण्याचा परवाना असलेल्या नागरिकांची नोंदणी करून गरजेला त्यांना बोलावण्याची सोय आहे. या फळ्यांतल्या माणसाला प्रशिक्षणासाठी, नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी आणि भारतात किंवा परदेशात हवाई दलाच्या सेवेसाठी बोलावता येतं. टेरिटोरियल आर्मीच्या कायद्यात परदेशासाठी वेगळा आदेश लागतो. इथे परदेश मूळ जबाबदारीतच धरलेला आहे. या कायद्याखाली १९५५पासून ५१ ते ५७ क्रमांकांच्या सात ऑक्झिलरी स्क्वाड्रन उभ्या राहिल्या, दिल्ली, मुंबई, मद्रासपासून सुरुवात करून. आज त्यांतली एकही ऑक्झिलरी म्हणून उरलेली नाही, आणि टेरिटोरियल आर्मीकडे विमानं नाहीत. भाच्याने हे नीट समजून घ्यायला हवं. आज तो राखीव दलात गेला तर पायदळाचा अधिकारी होईल, परवाना खिशात राहील. लष्करी विमान चालवायचं तर एअर फोर्स कॉमन अॅडमिशन टेस्ट द्यावी लागेल, शॉर्ट सर्व्हिस कमिशनची चौदा वर्षं घ्यावी लागतील आणि दुसऱ्या वैमानिकांबरोबर दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पहिल्या इयत्तेपासून शिकावं लागेल. फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा चोवीस आहे, चालू व्यावसायिक परवाना असेल तर सव्वीस. अर्धवेळ वैमानिकाची जागा आपल्याकडे कायद्यात आहे, मैदानात नाही.

ती पुन्हा उभी राहण्याचा दिवस फार लांब नसावा, असं मला वाटतं. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार हवाई दलातली वैमानिकांची तूट फेब्रुवारी २०१५मध्ये ४८६ होती, ती २०२१च्या अखेरीस ५९६ झाली. दुसरीकडे वाहतुकीची विमानं वाढताहेत. हवाई दलासाठी घेतलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० सुरतेहून दीडशे किलोमीटरवर बडोद्यात बनायची आहेत. नागरी परवाना असलेल्या माणसाला राखीव म्हणून घ्यायचं झालंच तर ते वाहतुकीच्या विमानांवर घेणं सर्वांत सरळ. आणि इथेच भाच्याचा दुसरा अंदाज चुकतो. तो बोलावण्याची कल्पना युद्धाशी बांधतो. वाहतुकीच्या वैमानिकाला युद्धाची वाट बघावी लागत नाही. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा अन्नाची पाकिटं टाकायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती. २०२२मध्ये युक्रेनमधून विद्यार्थी आणायला सी-१७ गेली. भूकंप, पूर, परदेशात अडकलेले लोक, हिमालयातल्या चौक्यांची रसद, या सगळ्याला विमान लागतं आणि विमानाला वैमानिक. बटालियनमधल्या पाचशे जणांतून शंभर जण बोलावता येतात, वैमानिक मुळातच मोजके असतात. जो दुर्मीळ, त्याचं नाव यादीत वर. अमेरिकेत एअर नॅशनल गार्डच्या वैमानिकाकडून प्रशिक्षणानंतर दहा वर्षांची बांधिलकी घेतात, आणि २००१नंतर तिथल्या राखीव हवाई तुकड्यांना इराक-अफगाणिस्तानच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे ही त्यांच्या भरतीतली ओळख प्रसिद्ध आहे. वैमानिकांचं तेवढ्याने कधीच भागलं नाही.

भागत नाही याचं कारण फक्त बोलावण्यात नसून उड्डाणाच्या स्वभावातही आहे. रायफल चालवणं दोन महिन्यांच्या कॅम्पात पुन्हा हातात बसतं. विमानाचा हात महिनाभर बंद राहिला की सुटतो. म्हणून तर प्रवासी विमानाच्या वैमानिकालाही नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केल्याशिवाय प्रवासी घेऊन उडता येत नाही, वर दर सहा महिन्यांनी परीक्षा. लष्करी वाहतुकीत खालून उडणं, डोंगरातली अपुरी धावपट्टी, अंधारात दिव्यांशिवाय उतरणं, इतर विमानांसोबत रचनेत उडणं या गोष्टी नागरी सिम्युलेटरवर शिकवत नाहीत. दर महिन्याला सराव हवा, म्हणजे दर महिन्याला नोकरीतून सुट्टी हवी. त्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकाच्या उड्डाणाला वर्षाला एक हजार तासांची मर्यादा घातली आहे, विश्रांतीचे नियम वेगळे. राखीव दलात केलेलं उड्डाण या तासांत धरायचं का? धरलं तर कंपनीचं नुकसान. न धरलं तर थकलेला माणूस प्रवाशांनी भरलेलं विमान चालवणार. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली, हे सगळ्या देशाने पाहिलं. वैमानिकांचा साठा इतका ताणलेला असताना महिन्याला चार दिवस सोडायला कोणती कंपनी आनंदाने तयार होईल? जी योजना हा प्रश्न आधी सोडवत नाही ती वैमानिकाला दोन मालकांच्या मध्ये उभं करेल.

एवढं ऐकून मामा जिंकल्यासारखे बोलतील. “मग मी काय वेगळं सांगत होतो? नकोच त्या भानगडीत पडायला. परवाना काढलास, कंपनीत लाग, कर्ज फेड. देशसेवा करायला बाकीचे आहेत.” इथे मी मामांच्या बाजूने उभा राहणार नाही. पहिलं म्हणजे, राखीव दल नसलं म्हणून नागरी वैमानिक सुटतो असं इतिहास सांगत नाही. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिली शीख बटालियन उतरवायला हवाई दलाच्या डाकोटांबरोबर खाजगी कंपन्यांच्या डाकोटाही धावल्या. ते वैमानिक राखीव नव्हते. त्यांना प्रशिक्षण नव्हतं, हुद्दा नव्हता, मेल्यावर घराचं काय याचा कागद नव्हता. गरज आली की देश ज्याला विमान चालवता येतं त्याच्याकडे वळतो, मग ती वेळ तयारीने आलेली बरी की तशीच? दुसरं म्हणजे, “बाकीचे आहेत” हे वाक्य साताऱ्यातल्या अपशिंगे गावात कुणी म्हणत नाही. अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही घराघरांतून माणूस फौजेत आहे. तिथल्या बाईला नवऱ्याची बदली, अचानक निघणं, महिनोन् महिने न येणं हे सासूकडून कळलेलं असतं. पांडेसऱ्यातल्या घराला ते ठाऊक नाही, कारण त्याचा अनुभव मिलचा आणि लूमचा आहे, फौजेचा नाही. यात त्या घरात काही कमी नाही, त्याला माहिती पोचलेली नाही एवढंच. कोल्हापूर, पुणे, देवळाली, नागपूर इथे टेरिटोरियल आर्मीच्या बटालियन आहेत, भोवतालच्या गावांना त्यांचं येणं-जाणं दिसतं. सुरतेतल्या मराठी वस्तीला तेवढीही ओळख नाही. अशा घराला नुसतं “जाऊ नकोस” सांगणं सोपं आहे. त्याला सगळं सांगून मग ठरवू देणं अवघड आहे, पण न्यायाचं आहे.

भाचा आता कायद्याचा आधार घेईल. “नोकरीला धोका नाही मामा. कायद्यातच लिहिलंय, परत आलो की मालकाला कामावर घ्यावंच लागतं.” खरं आहे. टेरिटोरियल आर्मी कायद्याच्या ७-अ कलमाने सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि त्याच्या जोडीच्या कलमाने प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क राखले आहेत. ज्याचं नाव पगारपत्रकावर आहे त्याच्यासाठी हे मोठं संरक्षण आहे. आता पांडेसऱ्याच्या एखाद्या लूमच्या खात्यात जाऊन बघा. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, हजेरी ठेकेदाराच्या वहीत पेन्सिलीने. कारीगर आठ दिवस गावी गेला की त्याच्या मशीनवर दुसरा उभा राहतो. त्या वहीत ना नियुक्तीची तारीख, ना मालकाचं नाव. ७-अ कलम कुणावर बजावणार? ठेकेदार म्हणेल मी मालक नाही, मालक म्हणेल हा माझा माणूस नाही. वैमानिक झालेल्या भाच्याचा प्रश्न यातून सुटलेला दिसतो, पण तो विमान कंपनीत लागेपर्यंतच्या काळात काय करणार? धंद्याचा पुरावा दाखवायला बापाच्याच खात्यावर हिशेब लिहिणार. आणि कंपनीत लागल्यावरही कायद्याने नोकरी टिकते, बढतीचा क्रम टिकेलच असं नाही. २०१७पासून सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षाची नोटीस द्यावी लागते. वैमानिक सहजासहजी सोडायचा नाही, ही या धंद्याची रीत झाली आहे. तीन वर्षं बाहेर राहून आलेल्याला पुन्हा सगळ्या चाचण्यांतून जावं लागेल, त्याच्या बरोबरीचे कमांडर झालेले असतील, आणि बँकेचा हप्ता त्या तीन वर्षांत थांबलेला नसेल. अधिकाऱ्याचा पगार एम्बॉडी असताना मिळतो, चांगला मिळतो. पन्नास लाखांच्या कर्जाच्या हप्त्याला तो पुरेल का, हे मामाच्या वहीत आधीच मांडून बघायला हवं. हे गणित न मांडता सही करणारा शूर असेल, पण ओझं त्याच्या शौर्यावर न पडता बहिणीच्या लग्नावर पडेल.

शेवटचा आक्षेप मामांचाही नाही आणि भाच्याचाही नाही, तो भरती करणाऱ्यांच्या मनातला आहे. एवढं सगळं आधी उघड केलं तर येणार कोण? दोन महिन्यांची जाहिरात करून माणसं मिळतात, तीन वर्षांची करून मिळतील का? मला वाटतं, मिळतील, आणि जी मिळतील ती टिकतील. टेरिटोरियल आर्मीच्या अधिकारीपदासाठी मे २०२५च्या जाहिरातीत जागा होत्या फक्त १९. त्याच महिन्यात चौदा बटालियन तीन वर्षांसाठी नेमण्याचा आदेश सगळ्या वर्तमानपत्रांत होता. माणसं कमी पडतात म्हणून खरं लपवायची पाळी तिथे आलेली नाही. उलट ज्याला अर्धवट सांगितलं तो पहिल्या बोलावण्याला आजारपणाचा दाखला शोधतो, ज्याचं घर तयार नाही त्याचं लक्ष चौकीवर कमी आणि फोनवर जास्त राहतं, आणि हवेत असलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे असणं कुणालाच परवडणारं नाही. पेन्शनची हमी नाही ही ओळ जाहिरातीत ठळक छापता येते, तर तिच्याखाली आणखी तीन ओळी मावतात. गेल्या दहा वर्षांत सर्वांत लांब एम्बॉडिमेंट किती काळाचं झालं. कायद्याने जास्तीत जास्त कुठे पाठवता येतं. वैमानिकांसाठी राखीव तुकडी पुन्हा उभी राहिली तर सरावासाठी महिन्याला किती दिवस लागतील आणि ते दिवस उड्डाणाच्या तासांत कसे धरले जातील. या ओळी मराठीत, गुजरातीत, ओडियात छापलेल्या हव्यात, कारण पांडेसऱ्यात या तिन्ही भाषांची घरं शेजारी शेजारी आहेत. मामा मिलमधून सुटल्यावर ती जाहिरात हातात घेऊन बसतील, भाच्याला सव्वीस पूर्ण व्हायला किती महिने उरलेत ते मोजतील, आणि मग दुंडीगलची चौदा वर्षं की बटालियनचे अनिश्चित महिने यावर त्या घरात वाद होईल तो माहितीचा वाद असेल.